राजकीय सिममध्ये मॉडच्या अधिकारांवर मर्यादा: नियम कसे लिहायचे, कोणत्या क्रमाने

राजकीय सिम म्हणजे खेळाडू स्वतःच पक्ष, निवडणुका आणि संसद चालवतात असा ऑनलाइन खेळ. सिम सुरू होतं, पक्ष बनतात, पहिली निवडणूक पार पडते. साधारण दुसऱ्या निवडणुकीत पहिला मोठा तंटा उभा राहतो: आमच्या उमेदवाराला ऐन मतदानाच्या दिवशी टाइमआउट (ठराविक काळ बोलण्याची बंदी) का दिला? मग रातोरात कुणीतरी मॉडसाठी, म्हणजे खेळाची जागा सांभाळणाऱ्या मॉडरेटरसाठी, आचारसंहिता लिहून काढतं. असे मसुदे मी बरेच वाचले आहेत आणि त्यांत त्याच त्या चुका सापडतात. पहिलं कलम मॉडला हटवायचं कसं याचं असतं, शेवटचं ‘मॉडने निःपक्षपातीपणे वागावं’ असं. मॉडच्या हातात नेमकं काय काय आहे, याबद्दल एक ओळ नसते.

हा लेख डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, तिथल्या एका सर्व्हरमध्ये (म्हणजे गटाच्या जागेत) चालणारं सिम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. दुसरीकडे खेळत असाल तर बटणांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही. क्रम खरोखर पाळा. अधिकारांची यादी नसताना अपिलाचं कलम लिहिलं, तर अपील कशाविरुद्ध करायचं हेच ठरत नाही.

## आधी तयारी

लिहायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली, जुन्या तंट्यांची वही. गेल्या सहा महिन्यांतले आठ-दहा तंटे काढा आणि प्रत्येकाबद्दल तीन ओळी लिहा: मॉडने कोणतं बटण दाबलं, कोणाचं काय नुकसान झालं, आणि कोणत्या क्षणी कोणी अडवलं असतं तर ते टळलं असतं. मॉड चांगला की वाईट हे लिहू नका. ही वही शेवटच्या टप्प्यात पुन्हा लागणार आहे.

दुसरी, लिहिणारी माणसं. तीन पुरेत: एक मॉड, एक सत्ताधारी पक्षाचा, एक विरोधी पक्षाचा. मॉडला वगळून लिहिलेले नियम कागदावर कडक दिसतात, पण रोजचं काम कसं चालतं हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच आठवड्यात मोडतात.

तिसरी, योग्य वेळ. निवडणूक जाहीर झालेली असेल किंवा एखादं भांडण ऐन रंगात असेल, तर थांबा. अशा वेळी लिहिलेला नियम एका माणसाविरुद्धचा नियम असतो, आणि तो माणूस निघून गेला की त्या नियमाचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

## टप्पा १: अधिकारांची यादी करा, बटणांच्या भाषेत

‘शिस्त राखण्याचा अधिकार’ असं लिहू नका. क्रियापदं लिहा. बॅन करणं (बाहेर काढून परत येण्यावर बंदी), किक करणं (नुसतं बाहेर काढणं), टाइमआउट देणं, मेसेज पुसणं, चॅनेल (गप्पांची खोली) बंद करणं, रोल (परवानग्या जोडलेलं पदनाम) देणं आणि काढणं हे सगळ्यांना आठवतं. राजकीय सिममध्ये खरे तंटे मात्र पुढच्या अधिकारांवरून होतात, आणि नेमके तेच यादीत सुटतात:

- पक्षांची खासगी चॅनेल वाचणं
- मतदान संपण्याआधी कोणी कोणाला मत दिलं ते पाहणं
- प्रचाराच्या पोस्टना गुण देणं आणि निकालाचं गणित करणं
- घोटाळा, संप, पूर असे प्रसंग खेळात आणणं
- विधेयक ‘नियमात बसत नाही’ म्हणून पटलावर येऊ न देणं
- झालेली गोष्ट झालीच नाही असं ठरवणं, म्हणजे रेटकॉन
- एकाच माणसाची दोन अकाउंट आहेत का हे तपासणं

यातल्या पहिल्या अधिकाराकडे विशेष लक्ष द्या. डिस्कॉर्डवर ज्या रोलला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ परवानगी आहे, त्याला चॅनेलवर लावलेलं कोणतंही बंधन लागू होत नाही. तुम्ही पक्षाचं चॅनेल कितीही बंद करून ठेवा, तो रोल असलेला प्रत्येक जण तुमची उमेदवारांची यादी आणि युतीच्या वाटाघाटी वाचू शकतो. चॅनेल वाचल्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे डिस्कॉर्ड आपोआप ठेवतं त्या कारवायांच्या नोंदवहीत, होत नाही. म्हणजे वाचलं की नाही हे नंतर सिद्धही करता येत नाही. जो मॉड स्वतः एखाद्या पक्षात खेळतो त्याच्याकडे ही परवानगी असेल, तर तुमच्या सिममध्ये गुप्तता नाही. हे नियमाने सुटत नाही, परवानगी काढूनच सुटतं.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आज तो अधिकार कोणाकोणाकडे आहे ती नावं लिहा. बॉट, म्हणजे आपोआप काम करणारी प्रोग्रामची अकाउंट, विसरू नका. ॲडमिनिस्ट्रेटर परवानगी असलेला बॉट ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या हातात ती सगळी बटणं आहेत, मग त्याच्या नावापुढे मॉडचा रोल असो वा नसो.

## टप्पा २: खेळातलं आणि खेळाबाहेरचं वेगळं करा

यादीचे आता दोन भाग करा. मेटा म्हणजे खेळाबाहेरचं: माणसाचं वागणं, अकाउंट, छळ, शिवीगाळ. कॅनन म्हणजे खेळातलं: सरकार, कायदे, निवडणुका, प्रसंग. मॉडने कॅननमध्ये हात घालायचा असेल तर त्याची मोजकी आणि लेखी कारणं हवीत. ‘खेळाचा समतोल राखण्यासाठी’ हे कारण चालवून घेऊ नका, त्यात सगळंच बसतं. त्याऐवजी असं लिहा: विधेयक सिमच्या यंत्रणेत राबवताच येत नसेल, तरच मॉड ते थांबवू शकतो, आणि कोणत्या कलमामुळे राबवता येत नाही ते चोवीस तासांत लिहून देतो. रेटकॉनला मुदत घाला. ४८ तास उलटले की झालं ते झालं.

उलट दिशेची चूकही तितकीच होते, आणि ती अधिक मोहात पाडणारी आहे. ‘आपल्या सिममध्ये न्यायालय आहेच, मग बॅनविरुद्धचं अपीलही तिथेच जाऊ दे.’ ऐकायला लोकशाहीला धरून वाटतं. पण न्यायाधीश कोण नेमतं? खेळातलं सरकार. म्हणजे निवडणूक जिंकलेला पक्ष आता कोण खेळणार आणि कोण नाही हेही ठरवणार. संसदेने ठराव करून मॉड नेमायचे, या पद्धतीचंही तेच. बहुमत मिळालेल्या पक्षाने पहिल्याच महिन्यात आपले दोन मॉड बसवले की ज्याच्या हाती ससा तो पारधी. विरोधक आठवडाभर भांडतात आणि मग गप्प निघून जातात. सिम मेलं असं कुणी जाहीर करत नाही, फक्त पुढच्या निवडणुकीला उमेदवार मिळत नाहीत.

म्हणून मॉडवर अंकुश खेळाडूंचा असावा, खेळातल्या पदांचा नसावा. पंतप्रधानाचं एक मत, नव्या सदस्याचंही एक.

सावधान: खेळातल्या राज्यघटनेत मॉडचे नियम घालू नका. घटना बदलण्याचा अधिकार संसदेला असतो, त्यामुळे ते नियमही तिच्या हातात जातात. वेगळा दस्तऐवज ठेवा.

## टप्पा ३: प्रत्येक मर्यादा पाच भागांत लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चांगल्या नियमात पाच गोष्टी असतात: कोण, काय, किती काळासाठी, नोंद कुठे, आणि नियम पाळला नाही तर काय. पाचवी गोष्ट जवळजवळ प्रत्येक मसुद्यात गायब असते.

नेहमी दिसणारा नियम असा: ‘मॉडने निवडणूक काळात उमेदवारांवर कारवाई करताना काळजी घ्यावी.’ यावर भांडताही येत नाही. मॉड म्हणणार, मी काळजी घेतली.

तोच नियम असा लिहा: ‘नामांकन सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत उमेदवाराला २४ तासांपेक्षा मोठा टाइमआउट किंवा बॅन द्यायचा असेल, तर दोन मॉडची संमती लागेल. त्यांपैकी एकही उमेदवाराच्या किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या पक्षातला नसावा. कारण सहा तासांत नोंद चॅनेलवर टाकावं. संमती किंवा नोंद नसेल तर कारवाई रद्द समजली जाईल आणि कोणताही मॉड ती विनाचर्चा उठवेल.’

शेवटचं वाक्य काढून पाहा, बाकी सगळा नियम विनंती होऊन बसतो. नियम मोडल्याचा परिणाम मॉडच्या मर्जीवर नको, तो नियमातच लिहिलेला हवा. ‘कोणताही मॉड उठवेल’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत, कारण त्यामुळे ज्याने चूक केली त्याच्याच दाराशी जावं लागत नाही.

शिक्षेचे पल्ले ठरवताना बटण काय करतं ते बघा. डिस्कॉर्डच्या नेहमीच्या मेन्यूत टाइमआउट जास्तीत जास्त एक आठवड्याचा मिळतो, बॉटमार्फत २८ दिवसांपर्यंत. बॅनला आपली मुदत नसते, तो कुणीतरी हाताने किंवा बॉटने उठवावा लागतो. त्यामुळे ‘तीन आठवड्यांचा बॅन’ लिहिलात तर तो उठवण्याची तारीख आणि उठवणाऱ्याचं नावही लिहा. मुदत संपूनही विसरून गेल्यामुळे चालू राहिलेले बॅन मी पाहिले आहेत.

तपासणी: मसुद्यात ‘योग्य’, ‘वाजवी’, ‘शक्यतो’, ‘गरज भासल्यास’ हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी आकडा, मुदत किंवा माणूस घालता येतो का पाहा.

## टप्पा ४: खेळणारा मॉड आणि निकालाचं गणित

मॉडने खेळूच नये असा नियम लहान सिममध्ये टिकत नाही. माणसं कमी असतात, आणि मॉड होणारी माणसं बहुधा सर्वांत उत्साही खेळाडू असतात. म्हणून खेळणं चालेल, पण आपल्या प्रकरणात निर्णय देणं चालणार नाही. प्रत्येक मॉडने आपला पक्ष, आपलं खेळातलं पद आणि युती जाहीर करावी. त्या पक्षाचं प्रकरण आलं की तो बाजूला होतो, चर्चेच्या चॅनेलवरही लिहीत नाही. तिथे लिहिण्याची मोकळीक ठेवली तर बाजूला होणं नावापुरतं उरतं.

निवडणुकीचं गणित करणाऱ्याबाबत मात्र मी सवलत देणार नाही. त्याने त्या निवडणुकीत उभं राहू नये, प्रचार करू नये, कोणत्याही पक्षाच्या चॅनेलवर असू नये.

हे का, ते सांगतो. मी खेळत असलेल्या एका सिममध्ये मतांची टक्केवारी प्रचाराच्या गुणांना पक्षाच्या गुणकाने गुणून काढली जायची. निकालाच्या रात्री आमच्या अंदाजापेक्षा एका पक्षाला बऱ्याच जागा जास्त मिळाल्या. गुणकांची शीट आम्हाला फक्त वाचायला दिलेली होती. कुणीतरी आठवडाभरापूर्वी तिचा स्क्रीनशॉट घेतला होता. त्यात त्या पक्षापुढच्या चौकटीत १.०५ होतं, आता १.१५ दिसत होतं. बदल करणाऱ्याने सांगितलं की आधीचा आकडा टायपिंगची चूक होती. कदाचित खरंही असेल. पण गूगल शीट्समध्ये नुसता वाचण्याचा अधिकार असलेल्याला बदलांचा इतिहास दिसत नाही, त्यामुळे आम्हाला काहीच तपासता येईना. त्याचाही निर्दोषपणा सिद्ध होईना, आमचाही संशय जाईना. जिंकलेल्या पक्षातल्या माणसांनाही तो विजय नकोसा झाला.

तेव्हापासून मी या चार गोष्टींचा आग्रह धरतो:

1. सूत्र आणि गुणक नामांकनाआधी सर्वांसमोर प्रसिद्ध करा. त्या शीटची प्रत प्रत्येक पक्षाने स्वतःकडे ठेवावी.
2. प्रचाराच्या पोस्टना दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, लेखकाचं आणि पक्षाचं नाव झाकून. दोघांत आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्याने पाहावं.
3. गणितात नशिबाचा आकडा असेल तर तो आधीच बांधून टाका. निवडणूक अधिकाऱ्याने तो आकडा आणि त्याला जोडून वीस-तीस अक्षरांची अर्थहीन ओळ लिहावी, त्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा असा ठसा, ज्यावरून मूळ मजकूर उलगडता येत नाही) काढावा आणि फक्त हॅश मतदानाआधी टाकावा. निकालानंतर मूळ मजकूर उघड करावा. कुणीही पुन्हा हॅश काढून ताडून पाहू शकतो.
4. निकालासोबत पूर्ण आकडेमोड द्या, नुसत्या जागा नकोत.

सावधान: तिसऱ्या मुद्द्यातली अर्थहीन ओळ गाळू नका. नुसता १ ते १००० मधला आकडा असेल तर कुणीही हजार हॅश काढून निकालाआधीच तो ओळखेल.

## टप्पा ५: नोंदी

डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग ४५ दिवसांचाच असतो, आणि पुसलेल्या मेसेजचा मजकूर त्यात नसतो. बॅन करताना त्या माणसाचे मागच्या सात दिवसांपर्यंतचे मेसेज एका झटक्यात पुसण्याचा पर्याय येतो. तो निवडला तर पुरावाही गेला. म्हणून नियमात लिहा: सरसकट जाहिराती टाकणारी बनावट अकाउंट सोडून हा पर्याय वापरायचा नाही, आणि मेसेज पुसण्याआधी त्याची प्रत नोंदीत ठेवायची.

नोंद चॅनेल सर्वांना वाचता यावं, लिहिता मॉडना यावं. प्रत्येक नोंदीत तारीख, मॉड, खेळाडू, कलम क्रमांक, मुदत. एवढं पुरे. छळाची तक्रार असेल तर तक्रारदाराचं नाव आणि मजकूर तिथे टाकू नका, फक्त कलम क्रमांक टाका. पारदर्शकतेच्या नावाखाली त्रास सोसलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणायचं नाही.

## टप्पा ६: अपील

बॅन झालेल्या माणसाला सर्व्हर दिसतच नाही, आणि अपिलाचं चॅनेल मात्र सर्व्हरमध्येच असतं. हास्यास्पद वाटेल, पण अनेक ठिकाणी असंच आहे. बाहेरचा मार्ग ठेवा: फॉर्म, ईमेल किंवा वेगळा छोटा सर्व्हर. त्याचा पत्ता बॅनच्या सूचनेतच जावा, आणि ती सूचना बॅनच्या आधी पाठवा. एकदा समाईक सर्व्हर उरला नाही की थेट मेसेज पोचेलच असं नाही.

अपील कोण ऐकणार? मूळ निर्णयात नसलेली तीन माणसं: एक मॉड आणि खेळाडूंमधून चिठ्ठी टाकून निवडलेले दोघं. वेळ ७२ तास. निर्णय आला नाही तर शिक्षा स्थगित होते. ही स्थगिती नसेल तर अपील पडून राहण्यातच मॉडचा फायदा असतो. निवडणूक संपल्यावर ‘तुमचं अपील मान्य’ असं कळवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

अपील चालू असताना त्या खेळाडूच्या जागेचं काय, हेही इथेच लिहा. तो खासदार असेल तर जागा रिकामी समजू नये, संसदेत त्याच्या जागी मत देणारा पक्षाला नेमू द्यावा. नाहीतर एका बॅनने सरकार पडू शकतं, आणि मग बॅन कशासाठी दिला हा प्रश्न कायमचा चिकटतो.

## टप्पा ७: आणीबाणी

काही वेळा मॉडने विचारत बसू नये. कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर उघड केला गेला, अल्पवयीन मुलाला त्रास होतोय, मॉडचं अकाउंटच चोरीला गेलं. अशा वेळी एकटा मॉड लगेच काहीही थांबवू शकतो, असं स्पष्ट लिहा. ज्या नियमांमुळे तो अशा क्षणी कचरतो ते नियम वाईट.

मर्यादा तीन: कारणांची यादी बंदिस्त, कारवाई ७२ तासांनी आपोआप संपणारी, आणि वाढवायची तर दुसऱ्या दोन मॉडची संमती. आणीबाणीत निवडणूक पुढे ढकलता येईल, निकाल बदलता येणार नाही.

## टप्पा ८: मॉडला हटवणं

आता कुठे या कलमाची वेळ आली. याआधी लिहिलं असतं तर ‘कशासाठी हटवायचं’ याचं उत्तर फक्त ‘आवडत नाही’ एवढंच असतं.

मतदारयादी ठराव मांडण्याच्या क्षणी गोठवा आणि त्याआधी किमान ३० दिवस सदस्य असलेल्यांनाच मत द्या, म्हणजे मित्रांना बोलावून रातोरात बहुमत जमवता येत नाही. ठरावासाठी दहा टक्के सदस्यांच्या सह्या, हटवण्यासाठी झालेल्या मतांच्या दोन तृतीयांश. एकाच पक्षाच्या सह्या पुरणार नाहीत अशी अट घाला. ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्याच्याकडून मतदानाची आणि रोलची बटणं तेवढ्या काळापुरती काढा. साधं बहुमत ठेवू नका, निवडणूक हरलेला किंवा जिंकलेला पक्ष दर महिन्याला मॉडला पाडत राहील.

## टप्पा ९: सर्व्हरचा मालक

डिस्कॉर्डवर मालकाला सर्व्हरमधला कुणीच काढू शकत नाही, मालकी तो स्वतःच सोडू शकतो. त्याच्यावर कोणताही नियम तांत्रिकदृष्ट्या लादता येत नाही. हे खेळाडूंना मोकळेपणाने सांगा. मग जे करता येतं ते करा: मालकाने पक्षात खेळू नये, रोजच्या मॉडगिरीत पडू नये, आणि हटवण्याच्या ठरावाचा निकाल अमलात आणण्याचं लेखी वचन जाहीरपणे द्यावं. सोबत नियम, कायदे, निकाल यांची प्रत दर महिन्याला सर्व्हरबाहेर ठेवा. मालकाने उद्या दार लावलं तर खेळाडूंना दुसरीकडे तेच सिम उभं करता आलं पाहिजे. ती प्रत हाताशी आहे हे ठाऊक असलेला मालक वचन सहसा मोडत नाही.

## टप्पा १०: बटणं जुळवा, मग जुने तंटे चालवून पाहा

मसुदा झाला की टप्पा १ ची यादी घेऊन सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बसा. ॲडमिनिस्ट्रेटर परवानगी मालक आणि जास्तीत जास्त एका न खेळणाऱ्या तांत्रिक माणसाकडे ठेवा. बाकी मॉडना सुटी सुटी परवानगी द्या: टाइमआउट, मेसेज पुसणं, गरजेप्रमाणे बॅन. रोलचा क्रमही पाहा. डिस्कॉर्डमध्ये आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या रोलवर कारवाई करता येत नाही, त्यामुळे मंत्र्याचा शोभेचा रोल चुकून मॉडच्या वर गेला तर मंत्र्याला टाइमआउटच देता येणार नाही.

मग ती तंट्यांची वही उघडा. एकेक जुना तंटा नव्या नियमांतून चालवा: कोणतं कलम लागलं असतं, किती तासांत, कोणी अडवलं असतं? दहापैकी तीन तंटे अजूनही तसेच घडले असते असं दिसलं, तर मसुदा अपुरा आहे. ज्या टप्प्यात भोक सापडलं तिथे परत जा.

हे करताना ज्याच्यावर पूर्वी अन्याय झाला अशा एखाद्या खेळाडूला शेजारी बसवा. आम्ही एकदा तसं केलं. आमच्या अपिलाच्या कलमात बॅनचं कारण खेळाडूला कळवण्याची ओळच नव्हती. तिघांनी चार वेळा वाचूनही ही उणीव आम्हाला दिसली नव्हती, त्या खेळाडूला पहिल्या वाचनात दिसली.

दुरुस्तीनंतर मसुदा सात दिवस सर्वांसमोर ठेवा, मतदान घ्या, आणि लागू होण्याची तारीख चालू निवडणुकीनंतरची ठेवा. त्याच दस्तऐवजाच्या डोक्यावर पुढच्या फेरतपासणीची तारीखही लिहा. तीन महिने ठीक.